खाली गेलेला माणूस नेमका कुठे आहे?

कोळशाच्या भूमिगत खाणीत उतरण्यापूर्वी कामगार हजेरी लावतो आणि टोपीवर लावायचा दिवा घेतो. पाळी संपली की दिवा जमा होतो. जमा न झालेले दिवे मोजले की खाली किती माणसे उरली ते समजते. ती कुठे आहेत, हे मात्र दिवा सांगत नाही. विदर्भाच्या कोळसापट्ट्यातील घरांना या प्रश्नाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या सागो खाणीत २ जानेवारी २००६ च्या सकाळी स्फोट झाला आणि १३ कामगार आत अडकले. त्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. विषारी हवेपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी पडद्याचा आडोसा केला आणि छताच्या लोखंडी बोल्टांवर घण घालून ते खुणावत राहिले. वर कोणालाही ते ऐकू आले नाही. सुमारे ४१ तासांनी बचावपथक पोहोचले. त्यातही निरोप पोहोचता पोहोचता बदलला. ‘बारा जण जिवंत’ असे कळल्याने चर्चमध्ये जमलेल्या कुटुंबांनी आनंद केला. जवळजवळ तीन तासांनी खरे समजले : बारा दगावले होते, एकच वाचला होता.

घरोघरी बिनतारी फोन असताना खाणीतच अडचण का? रेडिओलहरी मोकळ्या बोगद्यात बऱ्या चालतात, पण वळणावर क्षीण होतात आणि कोळसा व खडक त्यांना गिळून टाकतात. अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी खडक भेदतात. पण त्यांना भलीमोठी अँटेना लागते आणि मोजकाच मजकूर पाठवता येतो. शिवाय मिथेन वायूमुळे उपकरणातून ठिणगी उडून चालत नाही.

तरीही मार्ग होते. दिव्यावर संदेश पोहोचवणारी एकतर्फी यंत्रणा सागोच्या आधीच वापरात होती. १९९८ मध्ये युटातील विलो क्रीक खाणीला आग लागली, तेव्हा तिच्या इशाऱ्यामुळे कामगार वेळीच बाहेर पडू शकले. बोगद्याभर टाकलेली, मुद्दाम लहरी ‘गळू’ देणारी केबल संभाषण शक्य करते. कामगाराच्या अंगावरची छोटी चिप वाटेवरच्या यंत्राजवळून गेली की वर नोंद होते.

सागोनंतर जून २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. बिनतारी संपर्क आणि कामगारांचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा यांसाठी खाणींना तीन वर्षांची मुदत मिळाली. पण एप्रिल २०१० मध्ये त्याच राज्यातील अप्पर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ जण मरण पावले, तेव्हा तिथली ही यंत्रणा पुरती बसवलेलीच नव्हती.

खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या घरच्यांचे प्रश्न दोनच असतात : तो आहे ना, आणि कुठे आहे? दुसऱ्याचे उत्तर आता यंत्र देऊ शकते. पहिल्याचे उत्तर बहुधा दुसरे किती लवकर मिळते यावरच ठरते.