एका खेळीसाठी आख्खा हत्ती

१९७० साली बेलग्रेडमध्ये बुद्धिबळाचा एक विलक्षण सांघिक सामना झाला. एका बाजूला सोव्हिएत संघ, दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं जग. दहा पट, चार फेऱ्या. पहिल्या पटावर जगज्जेता बोरिस स्पास्कीसमोर डेन्मार्कचा बेंट लार्सन. हा मान लार्सनला मिळावा म्हणून चक्क बॉबी फिशर दुसऱ्या पटावर बसला होता!

दुसऱ्या फेरीत लार्सनकडे पांढरी मोहरी होती. त्यानं एकच घोडा तीनदा हलवला आणि शेवटी मारामारीत घालवला. तेवढ्यात स्पास्कीचे दोन्ही उंट बाहेर आले, वजीर निघाला, किल्लेकोटही झाला. बाराव्या खेळीला लार्सननं प्यादं सरकवून काळ्या घोड्यावर मारा धरला. स्पास्कीनं घोडा हलवलाच नाही. कडेचं प्यादं रेटलं. घोडा गेला, पण त्या प्याद्यानं एक प्यादं खाल्लं आणि ते जी३ वर, पांढऱ्या राजाच्या अगदी जवळ येऊन ठाकलं. लार्सननं हत्ती जी१ वर आणून त्याची वाट अडवली.

आता चौदावी खेळी. स्पास्कीनं आपला हत्ती थेट एच१ वर, लार्सनच्या हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला. पाठीशी एकही मोहरा नाही!

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही घोडचूक वाटते. पण तो खायचा तर लार्सनच्या हत्तीला जी१ सोडावं लागतं. त्यानं ते सोडताच काळं प्यादं जी२ वर आलं, आणि येता येता त्याच हत्तीवर मारा धरून. पांढऱ्याची पुढची खेळी हत्ती वाचवण्यातच गेली. तेवढ्यात काळा वजीर एच४ वर: शह! आख्ख्या हत्तीच्या मोबदल्यात स्पास्कीनं मिळवली ती ही एक खेळी. सतराव्या खेळीला प्याद्यानं हत्ती खाल्ला, त्याचा वजीर झाला, पुन्हा शह बसला. तो नवा वजीर उंटानं मारला तरी दोन-तीन खेळ्यांत मात ठरलेली. लार्सननं डाव सोडला.

त्या क्षणी पांढऱ्याचा ए१ वरचा हत्ती आणि बी१ वरचा घोडा जागचे हललेलेही नव्हते. नवा वजीर मारून मोहरी मोजली असती तर लार्सनच श्रीमंत ठरला असता. पण लढाईत उतरलेली तेवढीच मोजायची, असं हा डाव पाहताना पटतं.

आणि लार्सनची जिद्द बघा. पुढच्याच फेरीत त्यानं स्पास्कीला हरवलं. चौथ्या फेरीत स्पास्कीच्या जागी लिओनिड श्टाईन बसला, त्यालाही. सोव्हिएत संघ जिंकला खरा, पण २०½–१९½ असा.