गोवंडीची रॅपर आणि गाण्याचा सातबारा

ड्रम कुठे ठेवणार?

मुंबईच्या गोवंडीत मुलींचा रॉक बँड का नाही, याचं उत्तर आवडीनिवडीत शोधू नये, ते खोलीत आहे. शिवाजीनगर, बैंगनवाडीत दहा बाय पंधराच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात. तिथे ड्रमसेट मांडला तर चूल बाहेर काढावी लागेल. रॉकला गिटार लागते, अँप लागतो, तालमीला तासावर भाड्याची खोली लागते आणि या सगळ्याच्या आधी चार जणांना एकाच वेळी मोकळीक लागते. ती मोकळीक मुलींना मिळणं सगळ्यात कठीण.

रॅपला फोन आणि एक बीट पुरते. म्हणून रॉकने ज्या गोष्टीची ग्वाही दिली होती, म्हणजे आपलं म्हणणं आपल्याच आवाजात आणि मोठ्याने, ती इथे रॅपच्या वाटेने आली. गोवंडीपासून हार्बर लाइनवर तिसरं स्टेशन कुर्ला. तिथल्या नेझी या रॅपरने 2014 मध्ये ‘आफत’ या गाण्याचा व्हिडिओ आयपॅडवर चित्रित केला, तेव्हाच वस्तीतल्या पोरांना कळलं की स्टुडिओचं दार ठोठावत बसायची गरज नाही. मुंबईच्या रॅपरांवरचा ‘गली बॉय’ हा चित्रपट त्यानंतर पाच वर्षांनी आला.

सानिया एमक्यू

गोवंडीच्या सानिया मिस्त्रीचं, म्हणजे रॅपर सानिया एमक्यूचं, नाव 2021-22 च्या सुमारास पसरलं. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. वडील रिक्षा चालवतात. आधी कविता, मग रॅप. सुरुवातीचे व्हिडिओ मैत्रिणीच्या फोनवर झाले, कारण स्वतःचा फोन नव्हता. विषय गरिबीचे, वस्तीचे, मुलींवर पडणाऱ्या बंधनांचे.

बातम्यांचे मथळे मात्र बहुतेक एकाच गोष्टीवर अडकले: हिजाब घालून रॅप करणारी मुलगी. मथळ्यात गाण्याच्या आधी कपडा आला की समजावं, लिहिणाऱ्याने गाणं नीट ऐकलेलं नाही. मुलगा असलेल्या रॅपरच्या टोपीवर कोणी लेख लिहीत नाही. हिजाब तिच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. तो काढल्याशिवाय बंड होत नाही असं मानणाऱ्यांना ही मुलगी कुठल्या रकान्यात बसवावी ते उमगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सोळा बार म्हणजे काय

रॅपमध्ये ओळी ‘बार’मध्ये मोजतात. एका बारमध्ये चार ठोके, आणि एका कडव्याचे सोळा बार हा रूढ हिशेब. बीटचा वेग मिनिटाला 90 ठोके धरला, तर सोळा बार संपायला त्रेचाळीस सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात यमक जुळवायचं, श्वास घ्यायची जागा राखायची, शेवटच्या बारला ‘पंच’, म्हणजे घाव घालणारी ओळ, मारायचा. श्वास चुकला की पुढचा शब्द ठोक्यामागे पडतो आणि सायफरमध्ये, म्हणजे घोळका करून आळीपाळीने रॅप करताना, ते समोरच्या पोरांना लगेच कळतं. तिथे दयामाया नसते.

ही कसरत आपल्याला नवी नाही. शेजारच्या घाटकोपरच्या चिरागनगरात शाहीर अण्णाभाऊ साठे राहत होते. शाहिरीत हजरजबाबीपणा आणि श्वास दोन्ही लागतात. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात यांनाही महाराष्ट्रभर पोचवलं ते लोकांच्या फोनवर फिरलेल्या व्हिडिओंनीच.

स्वातंत्र्य कागदावर

‘इंडिपेंडंट आर्टिस्ट’ हे बिरुद आता कोणीही लावतो. खरं स्वातंत्र्य तीन प्रश्नांवर तपासावं: शब्द कोणाचे, बीट कोणाचं, रेकॉर्डिंग कोणाचं?

शब्द लिहिले त्या क्षणी लिहिणारीचे होतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क हयातभर आणि पुढे 60 वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तोही प्रकाशनापासून 60 वर्षांचा. आणि तो बहुधा पैसे लावणाऱ्याकडे जातो. कंपनीने स्टुडिओचं भाडं भरलं म्हणजे गाणं ‘आपलंच’ राहिलं, असं समजू नये.

बीटची गंमत आणखी वेगळी. यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीटं बऱ्याचदा फक्त हौसेपुरती फ्री असतात. गाणं चाललं, जाहिराती लागल्या, की बीटवाल्याचा दावा येतो आणि कमाई तिकडे वळते. पैसे देऊन घेतलेलं साधं लायसन्सही एकटीचं नसतं. तेच बीट दुसऱ्या दहा जणांना विकता येतं. हक्क पूर्णपणे आपल्याकडे हवा तर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यापुरतं, लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते महाग. म्हणून गल्लीतला एखादा बीट बनवणारा मित्र असणं ही मोठी दौलत. पण मित्राशीही वाटा आधीच लिहून ठेवावा. मैत्री तुटते तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘चलेगा भाई’ फारसं उपयोगी पडत नाही.

कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मोठा आधार दिला: गाणं वापरलं जातं तेव्हाच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा कराराने कायमचा लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. रॅपर स्वतः लिहिते, म्हणजे ती गीतकारही असते. पण गाणाऱ्या मुलींना हे सहसा कोणी सांगत नाही.

आणि वय. अठराच्या आतल्या मुलीने केलेला करार 1872 च्या करार कायद्यात ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे कागदावर आईबापांची सही घेतात. इंग्रजीतला वीस पानी करार, समोर दिवसभर रिक्षा चालवून आलेला बाप, आणि ‘उद्यापर्यंत द्या’ची घाई. अशा वेळी सही एक दिवस उशिरा केली तर बिघडत नाही.

यश किती अंतरावर

मोठे स्टुडिओ अंधेरी-वर्सोव्याकडे. गोवंडीहून वडाळ्याला गाडी बदलून अंधेरी, पुढे रिक्षा. रेकॉर्डिंग रात्री नऊला संपलं तर मुलगी घरी कधी पोचणार, हा प्रश्न घरात गाण्याच्या आधी विचारला जातो. तो मागासलेपणाचा म्हणून झटकू नये. रस्त्यातल्या दिव्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

म्हणूनच गाणं वस्तीत येणं महत्त्वाचं ठरतं. फेब्रुवारी 2023 मध्ये नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झाला. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरामुळेच ओळखल्या जाणाऱ्या महापालिकेच्या एम पूर्व विभागात, इमारतींच्या मधल्या जागेत, आया-मावश्यांसमोर तिथल्याच तरुणांची कला सादर झाली. माझ्या लेखी शेजारणीने खिडकीतून ऐकलेला कार्यक्रम लाखभर व्ह्यूजपेक्षा वजनदार आहे, कारण दुसऱ्या दिवशी नळावर त्याचा जाब द्यावा लागतो.

टीव्हीचा रस्ताही आहेच. ‘एमटीव्ही हसल’ या रॅप स्पर्धेच्या 2022 च्या पर्वातून मुंबईची सृष्टी तावडे घरोघरी पोचली, तीही खुसखुशीत विनोदाच्या बळावर. ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या मुंबईतल्या मुलींच्या रॅप गटाने वेगळी वाट धरली: एकटीने चमकण्याऐवजी मंच वाटून घ्यायचा. त्यांतली प्रतिका प्रभुणे मेटल बँडमधून रॅपकडे आलेली. चौघी-पाचजणी मिळून गेल्या की आयोजकाशी मानधनाची बोलणी सोपी होतात, आणि रात्रीची परतीची टॅक्सीही वाटून घेता येते.