प्रयोगशाळेतील उमेदवार

'उमेदवार' हा शब्द आपल्या कानी अधिक पडतो तो निवडणुकीच्या दिवसांत. कारखान्यात त्याचा अर्थ निराळा आहे. कसब शिकता शिकता जो धन्याचे कामही करून देतो, तो उमेदवार. आज ज्या तरुण मंडळींविषयी सांगावयाचे आहे ती पीएच.डी.च्या वाटेवर आहेत आणि आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. तरीही त्यांचे काम समजून घेऊ लागलो की आम्हांला कारखान्यातला उमेदवारच आठवतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठात डोनाल्ड नोवोट्नी व थॉमस लिपो या प्राध्यापकांनी १९८१ साली विद्युत्‌यंत्रे व पॉवर इलेक्ट्रॉनिक्स यांच्या संशोधनासाठी एक संघ उभारला. कंपन्यांनी वार्षिक वर्गणी भरावी आणि संशोधनाचे अहवाल घ्यावेत, अशी ही व्यवस्था. अहवालामागचे रात्रंदिवसाचे काम मात्र बहुतांशी संशोधक विद्यार्थी करतात.

हे काम काय असते? मुंबईच्या जुन्या लोकलमध्ये मोटार सुरू होताना विजेचा ज्यादा दाब रोधकांत जिरवीत असत. अर्धवट उघडलेल्या नळासारखाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे अडविलेली वीज उष्णता होऊन हवेत जाते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची युक्ती अशी की नळ अर्धवट ठेवायचाच नाही. तो पूर्ण उघडायचा वा पूर्ण मिटायचा, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करायचे. किती वेळ उघडा आणि किती वेळ मिटलेला, या प्रमाणावर मोटारीला मिळणारा दाब ठरतो. पूर्ण उघड्या बटणावर दाब जवळजवळ नसतो आणि मिटलेल्यातून प्रवाह जात नाही. म्हणून दोन्ही वेळी नुकसान अल्प. नुकसान होते ते मधल्या क्षणी, जेव्हा दाब आणि प्रवाह दोन्ही हजर असतात. सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या बटणांत हा क्षण सेकंदाच्या अब्जांश भागांत, म्हणजे नॅनोसेकंदांत मोजावा लागतो.

तो मोजायचा कसा? विद्यार्थी 'डबल पल्स' नावाची चाचणी घेतात. बटणाला पहिला ठोका दिला की वेटोळ्यातील प्रवाह हवा तितका चढतो. बटण मिटले की मिटण्याचा क्षण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसतो. लगेच दुसरा लहान ठोका, आणि उघडण्याचा क्षण दिसतो. सारा खेळ मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे बटण तापण्याआधीच चाचणी संपते. पण दाब मोजणारी तार आणि प्रवाह मोजणारी तार यांत चार-पाच नॅनोसेकंदांचा मागेपुढेपणा असला तरी उत्तर चुकते. तो जुळविण्यात विद्यार्थ्याचे दिवस जातात. आमच्या फिटरने दंडगोलाचा केसभर तिरकेपणा काढावा, तसलेच हे काम. त्याला हातकाम म्हणावे की विद्या, हा वाद आम्ही विद्वानांवर सोडतो.

धोका मात्र पडद्यावर दिसत नाही. बटणांशेजारी वीज साठविणारा कपॅसिटर असतो. ८०० व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२० जूल ऊर्जा बसते. हृदयाची विस्कटलेली लय ताळ्यावर आणण्यासाठी डॉक्टर देतात तो झटका ३६० जूलपर्यंत असतो, यावरून कल्पना यावी. मुख्य पुरवठा बंद केला तरी हा साठा तसाच राहतो. तो ओसरावा म्हणून रोधक जोडतात. ५० हजार ओमचा रोधक असेल तर दाब ५० व्होल्टपर्यंत उतरायला सव्वादोन मिनिटे लागतात. रोधकाची तार तुटली असेल तर सव्वादोन मिनिटांचा हिशेब कामाचा नाही. म्हणून हात घालण्यापूर्वी दाब मोजावा आणि जिवंत मांडणीवर एकट्याने काम करू नये, हे दोन नियम. पहिला मनुष्य स्वतः पाळू शकतो. दुसऱ्याला दुसरा मनुष्य लागतो, आणि प्रबंधाची तारीख जवळ आली की रात्री दोन वाजता तो कोठून आणायचा?

२०११ साली येल विद्यापीठाच्या यंत्रशाळेत रात्री एकटीने लेथवर काम करणारी एक पदवी-विद्यार्थिनी मृत्यू पावली. सरकारी कामगार-सुरक्षा खात्याने यंत्रातील त्रुटी दाखविल्या; परंतु ती विद्यापीठाची नोकर नसल्याने प्रकरण आपल्या अधिकाराबाहेर आहे, असेही सांगितले. 'विद्यार्थी की कामगार' हा शब्दच्छल वाटतो त्यांनी येथे थांबावे.

मॅडिसनमध्येच १९६६ साली शिकविणाऱ्या सहायकांनी संघटना केली आणि १९७० साली संप करून करार मिळविला. प्रयोगशाळेतील संशोधन-सहायक त्या कराराबाहेर राहिले. पुढे २०११ साली राज्याने सरकारी नोकरांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क जवळजवळ काढून घेतला, तेव्हा विधिमंडळाची इमारत व्यापणाऱ्यांत ही संघटना होती. खासगी विद्यापीठांतील संशोधन-सहायक नोकर आहेत असा निर्णय तेथील श्रममंडळाने २०१६ साली दिला. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८ हजारांनी संप केला, आणि तेथील संशोधक विद्यार्थ्यांना पहिला करार मिळाला.

आपल्याकडे? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली शिक्षणसंस्थेला उद्योग मानले. पण गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली शिक्षक 'कामगार' नव्हेत असे ठरले. मग शिष्यवृत्तीवरचा संशोधक कोणत्या रकान्यात बसणार? कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०१९ साली २५ हजारांवरून ३१ हजार झाली, २०२३ साली ३७ हजार. पहिल्या वाढीपूर्वी संशोधकांना रस्त्यावर यावे लागले होते. दोन्ही वाढी सरकारी आदेशाने आल्या, कराराने नव्हे.

आम्हांला १९६१ चा उमेदवारी कायदा येथे उपयोगी वाटतो. त्याने उमेदवाराला कामगार मानले नाही. तो शिकाऊच, असे स्पष्ट लिहिले. तरीही कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला कारखाना कायद्यातील आरोग्य व सुरक्षिततेची कलमे लागू केली आणि अपघाताची भरपाई मालकावर टाकली. वेतनाचा आणि दर्जाचा वाद वर्षानुवर्षे चालो. ८०० व्होल्टच्या टेबलाशी बसणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला निदान लेथवरच्या आयटीआयच्या पोराइतके संरक्षण उद्याच देता येईल, आणि त्यासाठी लागणारा मसुदा साठ वर्षांहून अधिक काळ छापून तयार आहे.