गूळ चालतो, पण किती?

कराड, वाळवा भागात दिवाळीला कारखान्याची सवलतीची साखर येते, हंगामात गुऱ्हाळाचा गूळ. "गुळानं काय होत नाही," म्हणत आजी पोराच्या हातावर खडा ठेवते. गुळात थोडं लोह असतं खरं, पण बहुतेक साखरच. दात दोन्हीनं किडतात.

दोन वर्षांखालच्या बाळाला वरून साखर किंवा गूळ घालूच नका. मोठ्या पोरांना दिवसभरात 25 ग्रॅम, म्हणजे सहा छोटे चमचे, बास. ग्लासभर उसाच्या रसातच एवढी साखर जाते! त्या दिवशी बिस्कीट, कोल्ड्रिंक बंद. चहा तर पोरांना द्यायचाच कशाला? पुड्यावर 100 ग्रॅममागे साखर किती, ते वाचा. चार ग्रॅमला एक चमचा धरा. शाळेतून आल्यावर भूक लागली तर भाकरी किंवा भाजके शेंगदाणे द्या, आणि रात्रीचं दूध बिनसाखरेचं.