‘राजी’चा उत्तरभाग

बाणभट्ट ‘कादंबरी’ अपुरी ठेवून निवर्तला, तेव्हां त्याच्या पुत्रानें तिचा उत्तरभाग रचिला. तुटलेली कथा रसिकांस तेव्हांही सोसवत नव्हती. तशीच हुरहुर अलीकडे पडद्यावरच्या एका खेळानें लाविली आहे.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. सर्कशींत कसरती करणारी अनाथ राजी असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावास, गोलूस, शोधावयास निघते. दुर्गेचा त्रिशूळ व विष्णूचें धनुष्य तिला लाभतें. (धनुष्यास खेळांत ‘शारंगा’ म्हणतात, ‘शार्ङ्ग’ म्हटलें असतें तर बरें होतें, पण तें असो.) परंतु कथा ऐन रंगांत येऊन अकस्मात् थांबली, आणि तिचे मोजके, तरी हट्टी रसिक ‘पुढें काय?’ म्हणून विचारीत राहिले.

त्यांस धास्ती वाटणें साहजिक होतें. २०१७ सालीं लोकवर्गणीनें भांडवल जमविण्याचा या मंडळींचा यत्न फसला होता. आमच्या अजिंठ्याचें चोविसावें लेणें पाहावें: पुरें होतें तर येथील भव्य विहारांत गणलें जातें, परंतु वाकाटकांचा आश्रय सरला, पाथरवट निघून गेले, आणि काम अर्धवट कोरलेलें तसेंच राहिलें. खेळाचेंही तसेंच व्हावयाचें कीं काय?

सुदैवानें २०२५ सालीं ‘राजी: कलियुग’ या उत्तरभागाची घोषणा झाली. २०२२ च्या सुधारित आवृत्तींत हिंदी संवाद आले होते. पुण्यांत घडलेल्या या कथेस आतां मराठी वाणीही लाभावी, ही आमच्या घरच्या बाळगोपाळांची मागणी मात्र अजून उभी आहे.