आधी बर्फ, मग हॉकी

थंडीची लाट आली की वणी-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. निफाडला पारा किती घसरला याची विचारपूस सुरू होते, बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक चालू केलं जातं. पानावरचं दव गोठू नये, मणी तडकू नयेत, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. तिकडे लेहमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचीवर, नेमका उलटा उद्योग चाललेला असतो. तिथली पोरं रात्री मुद्दाम पाणी ओतून ते गोठवतात, कारण सकाळी त्यांना आइस हॉकी खेळायची असते.

मैदान तयार करणं हाच या खेळातला निम्मा खेळ. वीतभर पाणी एकदम सोडून भागत नाही. ते वरून गोठतं, आत पाणी आणि हवा कोंडते, मग स्केटचं पातं पडताच वरचा पापुद्रा फुटतो. म्हणून आधी झाडूने चुरा लोटायचा, पातळ थर द्यायचा, तो घट्ट झाला की पुढचा. कॅलिफोर्नियाच्या फ्रँक झांबोनीने 1949 मध्ये हे काम यंत्रावर आणलं. ते यंत्र बर्फ तासतं आणि वर चक्क गरम पाणी पसरतं! गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ओरखड्यांच्या कडा किंचित वितळवून ते खालच्या बर्फाशी एकजीव होतं.

आणि बर्फावरून माणूस घसरतो तरी का? पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो, असं आपण शाळेत शिकलो. तो हिशेब पुरत नाही. माणसाच्या वजनाने बर्फाचा वितळणबिंदू फारच थोडा खाली येतो. मायकेल फॅरडेने 1850 मध्येच सुचवलं होतं की शून्याखालीही बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखा अतिपातळ थर असतो. वरच्या रेणूंना धरून ठेवायला वरच्या बाजूला शेजारीच नसतात, म्हणून ते सैल राहतात. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती मात्र सामन्याआधी गोठवून ठेवतात, नाहीतर ती उसळ्या मारते.

बंदिस्त रिंकवरचा पहिला नोंदलेला सामना 3 मार्च 1875 रोजी कॅनडात, माँट्रिअलला झाला. लडाखमध्ये हा खेळ रुजला तो लष्कराच्या जवानांचं पाहून. स्केट विकत कुठून आणणार? जुन्या बुटांना लोखंडी पाती ठोकून पोरं लेहमधल्या कारझूच्या तळ्यावर उतरली. भारत 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला, तरी 2015 मध्ये राष्ट्रीय संघाला कुवेतला जायला लोकवर्गणी काढावी लागली. मुलींचं मला जास्त कौतुक वाटतं. 2016 मध्ये त्यांचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 हरवून पहिला विजय मिळवला आणि 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. या संघात बहुतेक मुली लडाखच्याच.

महाराष्ट्राचं काय? मुंबईत 1834 च्या सुमारास बर्फ उतरला तो अमेरिकेतून, जहाजाने. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइसक्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. आज बर्फ गल्लोगल्ली मिळतो, पण साठ मीटर लांबीचं मैदान वर्षभर गोठवून ठेवायचं तर विजेचं बिल कोण भरणार? 2011 च्या हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला डेहराडूनचा रिंकसुद्धा खर्चापायी कित्येक वर्षं बंद होता. तरीही आपली मुलं चाकांच्या स्केटवर तयार होतात आणि बर्फावर उतरतात. 2024 मध्ये लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत महाराष्ट्राच्या स्केटर्सनी पदकं आणली.

घरात चाकांवर पळणारं पोर असेल, तर त्याला एकदा लेहचा सामना दाखवाच. मात्र जायचं ते जानेवारीत. फेब्रुवारी सरला की तळ्याचं पुन्हा पाणी होतं.