घरचे शीतकपाट आणि लसीची कुपी

स्मरणिकेसाठी काही लिहा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा बालकांच्या आहारावर चार शब्द लिहावेत असा माझा मानस होता. परंतु त्याच सुमारास आमच्या घरातील जुन्या फ्रिजने अखेरचा श्वास घेतला. हातगाडीवरून त्याला निरोप देताना त्याच्याशी निगडित एक जुनी कबुली देणे राहून गेले आहे, हे ध्यानात आले. ती आज देतो.

एम.डी. होऊन लष्करात (हे ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी : सैन्यात नव्हे, लष्कर भागात) मी घराच्या तळमजल्यावर दवाखाना थाटला, तेव्हा दोन फ्रिज घेण्याची ऐपत नव्हती. एकाच फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात लसी, खाली चक्का, साय, आमरस आणि भाजी असा संयुक्त संसार होता. आज कोणी तरुण सहकारी असे करताना दिसला तर मी त्याला फैलावर घेईन. पण त्या काळी आमच्यापैकी कित्येकांनी हेच केले आहे, आणि हे वाचताना काही ज्येष्ठ मंडळी गालातल्या गालात हसत असतील.

2001 सालचा ज्येष्ठ महिना. ग्वाल्हेरचा उन्हाळा कसा असतो ते आपणांस सांगायला नको. पारा पंचेचाळिशीपार आणि वीज तिच्या मर्जीची राणी. एका संध्याकाळी गेलेली वीज मध्यरात्री आली. लसी तापल्या असतील या धास्तीने मी फ्रिजची कळ शेवटच्या आकड्यावर फिरवली आणि झोपी गेलो. सकाळी रुग्णांच्या गर्दीत ती पूर्ववत करायचे विसरलो. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी वरून हाक मारली, "अहो, कोथिंबिरीची जुडी काचेसारखी कडक झाली आहे, जरा बघता का?"

मी पाहिले ते कोथिंबिरीकडे नव्हे. वरच्या कप्प्यातील त्रिगुणी आणि हेपॅटायटिस-बी च्या कुप्यांकडे पाहिले. दिसायला त्या उत्तम होत्या, थंडगार, स्वच्छ. माझ्या छातीत मात्र धस्स झाले.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. लस उष्णतेने बिघडते हे सर्वांना ठाऊक असते. ती गोठल्यानेही बिघडते, हे पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस गोठली तरी तिचे काही बिघडत नाही. मोठ्या साठ्यात ती उणे 20 अंशांवरच ठेवतात. त्रिगुणी, धनुर्वात, हेपॅटायटिस-बी यांचे तसे नाही. या लसींचा प्रभावी अंश ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या सूक्ष्म कणांना चिकटलेला असतो. द्रव गोठला की बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर रेटतात, त्यांचे गुठळे होतात, आणि बर्फ वितळल्यावर ते पुन्हा सुटे होत नाहीत. हेपॅटायटिस-बी ची लस तर उणे अर्ध्या अंशालाच गोठू लागते. कुपीवरील रंग बदलणारा चौकोन उष्णतेची चहाडी करतो. गोठण्याविषयी तो मौन पाळतो.

त्याच रात्री मी हलवून पाहण्याची चाचणी केली. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात रात्रभर गोठवली, वितळू दिली. मग ती आणि संशयित कुपी दोन्ही हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मुद्दाम गोठवलेलीत गाळ भराभर तळाशी बसला. संशयित कुपीतही तितक्याच वेगाने बसला. नोंदवही काढली. त्या तीन दिवसांत नऊ बालकांना मी या कुप्यांतील लस टोचली होती.

खरे सांगायचे तर गप्प बसण्याचा मोह झाला. कोणाला कळणार होते? व्रण नाही, ज्वर नाही. परंतु घटसर्प आणि डांग्या खोकला मी कमलाराजा रुग्णालयाच्या वॉर्डात पाहिले होते. नऊ घरी निरोप धाडले : आधीचा डोस धरू नये, पुन्हा टोचावे लागेल, शुल्क नाही. आठ घरांतून मुले आली. दौलतगंजातील एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि म्हणाले, "अरे डॉक्टर, चूक तुझ्या फ्रिजची, आणि सुई आमच्या पोराला?" मी म्हणालो, "आजोबा, चूक फ्रिजची नाही, माझी आहे." ते काही बोलले नाहीत, पण पुढे त्या घरातील तिन्ही नातवंडे माझ्याकडेच आली. नववे कुटुंब बदलीवर गाव सोडून गेले होते. पत्र धाडले, उत्तर आले नाही.

शीतसाखळीचा हा खटाटोप तसा अलीकडचा. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, तेव्हा फ्रिज कुठला? एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी ती लस माणसांच्या अंगानेच प्रवास करीत होती. आपल्या घराघरांत फ्रिज आले ते त्यानंतर दीड शतकाने.

घरगुती फ्रिजची रचनाच भाजीपाल्यासाठी आहे. त्यातील कळ तापमान ठरवत नाही, कॉम्प्रेसर कधी थांबावा एवढेच सांगते; ती पुढे केल्याने गारवा लवकर येत नाही, अधिक खोलवर जातो. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे सर्वांत धोक्याचा. बर्फ न साठणाऱ्या नव्या फ्रिजमध्ये थंड हवेच्या झरोक्यासमोरची जागा. दार तर सर्वांत उबदार, आणि नेमक्या तेथेच औषधे ठेवण्याची आपली हौस! घरी इन्सुलिन ठेवणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. मधल्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डब्यात ठेवावे. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेल्यावर गारवा अधिक टिकतो. वीज गेली की दार उघडून "अजून गार आहे का" हे पाहू नये, एवढे जरी घरातल्यांनी पाळले तरी पुरे.

सहकाऱ्यांना मात्र एकच विनंती : लसींसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी. सरकारी केंद्रांतील वरून उघडणारे बर्फाच्या अस्तराचे फ्रिज दिवसाकाठी आठ तास वीज मिळाली तरी तापमान राखतात, आणि वरून उघडल्याने थंड हवा सांडत नाही. आपल्या मध्य प्रदेशात शासकीय लससाठ्याचे तापमान ई-विन योजनेखाली यंत्रांद्वारे नोंदले जाते. आपल्या दवाखान्यांत निदान वीसएक रुपयांची वही आणि एक तापमापक तरी असावा.

माझ्याकडे सकाळी आणि सायंकाळी तापमान लिहिण्याचे काम कंपाउंडरकडे आहे. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून त्या दिवशी ते सौभाग्यवती लिहितात. कोथिंबीर आता वरच्या मजल्यावर, वेगळ्या फ्रिजमध्ये असते.